सर्वानुमते बाजार

बाजार हा गावाचा प्राण असतो. प्राण गेल्यावरही गाव बरीच वर्षे चालू-बोलू शकते, हे आमच्या करांगसारीने सिद्ध करून दाखवले आहे.

आमचे गाव हस्तकलेसाठी प्रसिद्ध आहे, असे गावाच्या कमानीवर लिहिले आहे. (कमान सिमेंटची आहे आणि बाहेरच्या कंत्राटदाराने बांधली.) गावातल्या बायका केवड्याच्या पातीच्या पिशव्या विणतात, माझ्यासारखे काही पुरुष लाकडी मुखवटे कोरतात, आणि उरलेले लोक आम्ही दुसरा काहीतरी धंदा बघावा असा सल्ला देतात. मागे सरकारने आम्हाला एक हस्तकला बाजार बांधून दिला. छप्पर, फरशी, ओटे, दोन मोऱ्या. त्याचा वापर उत्तम चालू आहे. एका पाहणीनुसार (पाहणी मीच केली, दारात उभा राहून) चाळीस टक्के जागा लग्नाच्या खुर्च्यांना, तीस टक्के बॅडमिंटनला, वीस टक्के कोंबड्यांना आणि दहा टक्के वाळत घातलेल्या कपड्यांना जाते. हस्तकलेला जागा उरली नाही ही अडचण आहे, पण ती गर्दीमुळे आलेली अडचण आहे, म्हणजे प्रगतीची.

अशा वेळी वरून आदेश आला. ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यदिनाच्या आत प्रत्येक वस्तीने 'डिजिटल अवकाशात सामुदायिक हस्तकला बाजार' उभा करावा. सर्वोत्तम वस्तीला ढाल मिळेल.

डिजिटल अवकाश म्हणजे नेमके कुठे, हे आदेशात नव्हते. ते विचारणे म्हणजे लिहिणाऱ्याला नीट लिहिता येत नाही असे तोंडावर म्हणणे. जावा बेटावर हे शोभत नाही. तेव्हा आमचे वस्तीप्रमुख पाक सुकाम्दी यांनी स्वतःच अर्थ लावला. (वयाने, पदाने किंवा नुसत्या पोटाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे पाक म्हणतात. सुकाम्दींना तिन्ही लागू आहेत.) ते माझ्या ओसरीवर येऊन बसले, चहा संपवला, हवेविषयी बोलले, माझ्या कोंबडीचे कौतुक केले आणि मग म्हणाले, "पाक मार्सुदी, तुमच्या बायकोचं ते फोनमधलं गाव अजून आहे का हो?"

"इंगिह," मी म्हणालो.

इंगिह म्हणजे हो.

माझी बायको वार्तिना गेल्या वर्षी गेली. मूत्रपिंडे बिघडली होती. शहरातल्या इस्पितळात तिला यंत्राला जोडून तासन्‌तास बसवत. उजव्या हातात सुया असत, म्हणून डाव्या अंगठ्याने ती फोनवर एक खेळ खेळे. त्याचे नाव 'देसा तेंत्रेम', म्हणजे शांत गाव. त्यात आपले एक माणूस करायचे, घर बांधायचे, झाडे लावायची, रस्ते आखायचे. कोणी हरत नाही, कोणी जिंकत नाही. तिने त्यात एक आख्खे गाव वसवले. सगळे रस्ते थोडे डावीकडे वळतात. एका अंगठ्याने तसेच होते, असे ती म्हणे.

त्या गावात केबाया, म्हणजे आमच्याकडचे लांब पोलके, घातलेली, मोठ्या डोळ्यांची एक छोटी वार्तिना आहे. म्हणजे होती. तिला काही सांगावे लागत नसे. उजाडले की उठायची, मिरच्यांना पाणी घालायची, अंगण झाडायची, बाकावर बसायची. पडद्याला बोट लागले की मान वर करून हात हलवायची. कोणाचेही बोट चालायचे. मी फोन चार्ज करत असे. त्यापलीकडे त्या खेळात माझा काही भाग नव्हता.

"मग झालं तर," पाक सुकाम्दी म्हणाले. "तयार गाव आहे. रस्त्यांना खड्डे नाहीत. वीज जात नाही. आपल्याला नुसता बाजार बांधायचा."

काम मोठे होते म्हणून समिती नेमली. अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, खानपानप्रमुख, उपखानपानप्रमुख, सुरक्षा, मंडप (फोनमध्ये मंडप लागत नाही, पण मंडपवाला गेली कित्येक वर्षे प्रत्येक समितीत आहे, त्याला वगळले असते तर त्याला वाईट वाटले असते), आणि 'तंत्रज्ञान व अंगठा' या पदावर मी, कारण फोन माझा होता.

रविवारी सामुदायिक श्रमदान ठेवले. श्रमदान म्हटले की आमच्याकडे माणसे हत्यारे घेऊन येतात. सकाळी माझ्या अंगणात एकवीस कुदळी, कोयते, टोपल्या आणि एक शिडी जमली. कोणी कोणाला विचारले नाही की फोनमध्ये कुदळ कशी चालणार. सगळे गोल करून बसले, मी मध्ये बसून अंगठा चालवला, आणि बाकीच्यांनी 'अजून डावीकडे', 'आता थोडं वर', 'नको, होतं तिथेच बरं होतं' असे श्रम दान केले. दुपारपर्यंत चार ओटे उभे राहिले आणि तळलेल्या तेंपेच्या, म्हणजे सोयाबीनच्या वड्यांच्या, सहा पराती संपल्या. जाताना दोघांनी, हात रिकामे जाऊ नयेत म्हणून, माझ्या कुंपणाजवळचे गवत काढले. प्रत्यक्ष जगात त्या दिवशी झालेले काम तेवढेच.

दुसऱ्या बैठकीत ओट्यांचे वाटप झाले. त्या वेळी बू गियार्ती यांनी आक्षेप नोंदवला. (बू म्हणजे बाई, मानाने.) बू गियार्ती पिशव्या विणतात. माझी बायकोही विणायची. जुन्या बाजारात पुढचा ओटा कोणाचा यावरून दोघींचे, लग्न होऊन गावात आल्यापासून, भांडण होते, आणि दर बाजारच्या दिवशी संध्याकाळी भांडून झाल्यावर दोघी एकाच सायकलवरून घरी येत.

"माझा ओटा विहिरीच्या मागे?" बू गियार्ती म्हणाल्या. "जिवंतपणी तिने मला पुढे बसू दिलं नाही. आता तिच्या फोनमध्ये पण मी मागेच?"

"तिथे सावली आहे, बू," पाक सुकाम्दी म्हणाले.

"फोनमध्ये ऊन लागतं होय? उद्या म्हणाल, पाऊस आला तर पिशव्या झाका!"

"खेळात पाऊस येतो," मी म्हणालो.

"मग छप्पर द्या!"

छप्पर दिले. मंडपवाल्याला काम मिळाले, म्हणजे तो माझ्या शेजारी उभा राहून 'हं, हं' म्हणाला.

आता गिऱ्हाईक. खेळात गिऱ्हाईके आपोआप येतात. गोल चेहऱ्याची, हसरी, पाठीला टोपली लावलेली. समोर जे असेल ते घेतात. मुखवटा घ्या म्हटले तर मुखवटा, पिशवी घ्या म्हटले तर पिशवी. भाव करत नाहीत. या गोष्टीने समितीच्या महिला सदस्यांमध्ये फार नाराजी पसरली.

"सांगितला तो भाव देतात?" बू गियार्तींनी विचारले. "एकदासुद्धा उठून निघून गेल्यासारखं करत नाहीत?"

"नाही."

"मग ते चोर असतील. नाहीतर त्यांना पिशवी नकोच आहे. ज्याला वस्तू हवी असते तो आधी तिला नावं ठेवतो."

हे म्हणणे सभेच्या इतिवृत्तात घेण्यात आले. पण त्याहून गंभीर गोष्ट पुढे आली. गिऱ्हाईके रोज येत होती.

आमच्याकडे सात वारांच्या जोडीला आणखी पाच दिवसांचे एक चक्र चालते: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. प्रत्येक बाजाराचा यातला एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी तो बाजार. बाकीच्या दिवशी ती नुसती जागा. ज्याला दिवस नाही तो बाजार म्हणजे ज्याला बाप नाही ते मूल, असे आमचे म्बाह कार्तो म्हणतात. (म्बाह म्हणजे आजोबा. गावातली लग्ने, घरे, विहिरी आणि शस्त्रक्रिया यांचे दिवस तेच काढून देतात.) खेळ बनवणाऱ्यांना पाच दिवसांचे चक्र माहीत नव्हते. त्यांनी सगळे दिवस सारखेच केले होते. दिवस ठरेपर्यंत गिऱ्हाइकांना बाजारात येऊ देणे बेशिस्तीचे झाले असते, म्हणून समितीने बाजाराभोवती भिंत घालण्याचा ठराव केला. मी भिंत घातली. दार बसवले. दार बंद केले. गिऱ्हाईके टोपल्या घेऊन दाराबाहेर उभी राहिली. रोज थोडी वाढत. त्यांच्या डोक्यावर छोटे ढग दिसू लागले, त्याचा अर्थ खेळात दुःख असा आहे.

बाजाराबाहेर एवढी गर्दी करांगसारीने कधी पाहिली नव्हती. पाक सुकाम्दींनी तिचा फोटो वर पाठवला.

मग म्बाह कार्तो यांना पाचारण केले. त्यांनी फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, कानाला लावून पाहिला आणि विचारले, "या गावाचा धनी कोण?"

"वार्तिना," मी म्हणालो.

"धन्याच्या जन्मदिवसावरून दिवस काढतात. आणि वार्तिना तर गेली."

"इथे आहे, म्बाह," बू गियार्ती म्हणाल्या. "बघा ना. झाडतेय."

म्बाह कार्तोंनी बघितले. नाकाजवळ धरून बघितले. "झाडू दे," ते म्हणाले. "पण गेलेल्या माणसाच्या जन्मदिवसाचा आकडा मला मांडता येत नाही. तो मिटलेला असतो. त्याच्यावर बाजार बसवला तर गिऱ्हाईकही तसलंच येईल."

सगळ्यांनी दाराबाहेरच्या गिऱ्हाइकांकडे पाहिले.

तर्क सरळ होता. बाजाराला दिवस हवा. दिवसाला धनी हवा. धनी जिवंत हवा. गाव माझ्या नावावर करावे असे ठरले. पण खेळाचा एक नियम आहे. ज्याने गाव वसवले ते माणूस गावात राहते आहे तोवर धनी बदलत नाही. त्याला आधी गावातून बाहेर पाठवावे लागते. गेले की त्याचे घर मोडते आणि ते परत येत नाही. (घराची जागा बाजाराच्या कमानीला अगदी योग्य होती, हे मंडपवाल्याने नम्रपणे लक्षात आणून दिले.)

पाक सुकाम्दींनी सभा बोलावली. चटया घातल्या, गोड चहा दिला. ते म्हणाले, "विषय जरा नाजूक आहे. पण विकासाच्या दृष्टीने बघितलं तर, पाक मार्सुदी... तुमची काही हरकत नाही ना?"

इथे इंगिहविषयी थोडे सांगायला हवे. बाहेरच्या माणसाला वाटते आमच्याकडे होकार एकच आहे. ऐकले म्हणून इंगिह असते. ऐकले नाही म्हणून इंगिह असते. येणार नाही हे सांगायला 'इंगिह, येतो' म्हणतात. तुमची मर्जी, म्हणजे माझी नाही, यालाही इंगिहच. समोरच्याने ते ओळखायचे असते. तो समजूतदार असेल तर ओळखतो, आणि ओळखल्याचे दाखवत नाही. नाही हा शब्द भाषेत आहे. तो आम्ही मुलांसाठी आणि कोंबड्यांसाठी ठेवला आहे.

पंचवीस माणसे चटईकडे बघत होती. मला वाटले, बिचाऱ्यांनी महिनाभर राबून बाजार उभा केला आहे.

"इंगिह," मी म्हणालो.

"इंगिह," सगळे म्हणाले.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. आमच्या वस्तीत गेल्या चाळीस वर्षांत एकही ठराव दुसऱ्या कशाने मंजूर झालेला नाही.

कार्यक्रम पुढच्या रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर झाला. खानपानप्रमुखांनी पिवळ्या भाताचा उभा डोंगर रचला होता, भोवती कोंबडी, अंडी, घेवडा. फोन पितळेच्या ताटात फुलांच्या पाकळ्यांवर ठेवला. पडद्यावर खेळाने प्रश्न विचारला होता: वार्तिना गाव सोडून जाईल. नक्की? खाली दोन चौकोन होते, हो आणि नाही. नाहीचा चौकोन होच्या एवढाच मोठा होता. खेळ परदेशात बनला असावा.

"मोंग्गो, म्बाह," पाक सुकाम्दींनी ताट पुढे केले. मोंग्गो म्हणजे घ्या, तुम्ही आधी. "वयाचा मान तुमचा."

"छे, मोंग्गो. पदाचा मान मोठा."

"बू गियार्ती, मग तुम्ही. तुमची मैत्रीण होती."

"मैत्रीण कसली! आणि माझे हात तेलकट आहेत." (तेंपे अजून वाढलेही नव्हते.)

"पाक मंडप?"

"मी कोण दाबणारा! मोंग्गो, मोंग्गो."

ताट गोल फिरले. दर फेरीला फोन विझायला लागे, मग कोणीतरी चौकोन चुकवून हलकेच कडेला बोट लावी, आणि प्रश्नाच्या मागे ती झाडता झाडता मान वर करून हात हलवी. ज्याचे बोट असे तो ताट घाईने पुढे देई. असे बऱ्याच वेळा झाले. शेवटी ताट माझ्यासमोर आले आणि तिथून पुढे गेले नाही.

"घाई काही नाही, पाक," सुकाम्दी फार प्रेमाने म्हणाले.

आमच्याकडे घाई नाही म्हणजे भात गार होतोय.

मी हो दाबले.

तिने खराटा भिंतीला टेकवला. खेळाने तिच्या हातात एक निळी पेटी दिली. (जन्मभर पिशव्या विणणाऱ्या बाईला पेटी. पण त्यांना काय माहीत.) बाजाराच्या दाराबाहेर गिऱ्हाईके उभी होती, त्यांच्यातून वाट काढत ती रस्त्याला लागली. वळणावर थांबली, मागे वळली आणि हात हलवला. तेव्हा पडद्यावर कोणाचेही बोट नव्हते. खेळात तशी सोय केलेली असते म्हणे. मग ती डावीकडे वळली.

टाळ्या झाल्या. माझ्या जन्मदिवसावरून म्बाह कार्तोंनी पोन हा दिवस काढला. भात चांगला झाला होता.

बाजार सुरू झाल्यावर समितीचे सदस्य एकेक करून, एकमेकांना न सांगता, माझ्याकडे आले. पहिल्या बू गियार्ती. ओसरीवर न बसताच बोलायला लागल्या.

"तुम्ही नाही म्हणायचं होतं ना! मी सगळा वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होते."

"मला वाटलं, तुम्हाला पुढचा ओटा हवाय."

"ओटा! काय करू ओट्याचं? भांडायला ती नको का समोर?" आणि त्या डोळ्यांना ओढणी लावून, माझ्या कोंबडीला हाकलून, निघून गेल्या.

मग पाक सुकाम्दी केळ्यांचा घड घेऊन आले. चहा झाला, हवा झाली. "खरं सांगू?" ते म्हणाले. "बाजाराचं मला काही पडलं नव्हतं. तुम्ही दिवसभर तो फोन मांडीवर घेऊन बसायचा. म्हटलं, या निमित्ताने माणूस मोकळा होईल. तुम्ही लगेच इंगिह म्हणालात, मला वाटलं, चला, बरोबर ओळखलं."

म्बाह कार्तोंचे म्हणणे असे, की गेलेल्या माणसाचा आकडा मांडता येत नाही हे त्यांनी समितीने नाद सोडावा म्हणूनच सांगितले होते. "सरळ नको म्हणणं बरं दिसलं नसतं," ते म्हणाले. मंडपवाल्याने काहीच सांगितले नाही. त्याने माझ्या अंगणात एक दिवस विनामोबदला मंडप घातला आणि संध्याकाळी काढून नेला.

एकंदर चौकशीचा निष्कर्ष: वार्तिनाला पाठवण्याच्या बाजूने सर्व. तिला पाठवावेसे वाटणारे, कोणी नाही. बाजार हवा असलेलेही कोणी नाही. कामकाजात त्रुटी आढळली नाही.

ऑगस्टमध्ये साहेब पाहणीला आले. त्यांना फोन ताटातच दाखवला. त्यांनी पोनच्या दिवशी उघडणारे दार पाहिले, त्या दिवशी पोन नव्हता म्हणून बंदच पाहिले, ढग पाहिले. "फारच छान," म्हणाले, आणि दोनदा भात घेतला. गाडीत बसल्यावर त्यांनी चालकाला सांगितले की आदेशाचा अर्थ एवढाच होता, की वस्तूंचे फोटो आणि विणणाऱ्यांचे फोन नंबर वर पाठवावेत, म्हणजे कोणाला हवे असेल तर मागवता येईल. चालक आमच्या मंडपवाल्याचा मेहुणा आहे, म्हणून कळले. आम्हाला तोंडावर सांगणे साहेबांना बरे वाटले नाही. त्यांची आई इथलीच. ढाल आम्हालाच मिळाली. ती आता जुन्या बाजारात लग्नाच्या एका खुर्चीवर ठेवली आहे, आणि लग्न असले की खाली ठेवतात.

गाव आता माझ्या नावावर आहे. पाक सुकाम्दींनी घाईघाईत माझे माणूस बनवून दिले, टकलू, फुलाफुलांच्या शर्टातले. ते दिवसभर बाजाराच्या कमानीखाली उभे असते. मिरच्या वाळल्या. मी त्याला पाणी घाल म्हणून सांगत नाही, आणि त्याला आपण होऊन सुचत नाही.

तुम्ही इथवर वाचलेत, हा तुमचा सभ्यपणा. मनात म्हणालाही असाल, 'एवढी माणसे, आणि एकालाही नाही म्हणता येऊ नये? मी तिथे असतो तर सरळ म्हटले असते.' म्हटले असतेत, त्यात मला शंका नाही. तेव्हा एक विनंती. बू गियार्ती अजून विणतात. पिशव्या त्यांच्या ओसरीवर टांगलेल्या असतात, खऱ्या, हाताला खरखरीत लागणाऱ्या. नावे ठेवा, भाव करा, उठून गेल्यासारखे करा, त्यांना बरे वाटेल. या बाजूला आलात तर एकदा येऊन जा.

याल ना?

नुसती मान हलवलीत तरी पुरे. आमच्याकडे तेवढ्यावर घर रिकामे होते.